प्रमोदिनीचा खोकला

वाईच जवळ सरका पोरानो, आणि तो कंदील बारीक करा. ह्या थापा न्हाईत. गणपतराव आमच्या शेजारचं. ज्येच्यावर बेतलं त्येच्याच तोंडनं ऐकलंय. मधी कोण हसलं तर उठून जाईन, सांगून ठेवतो.

सन पंचावन्न. पौषातली अमावास्या. मुरगूडचा तंबू सिनेमावाला बाळासो सांजच्या एस्टीनं गाण्याचं रीळ घेऊन कोल्हापुरात आला. "रातीत दुरुस्त करा की गणपतराव! उद्या जत्रंत लावायचं हाय, आणि गाण्यात नुसतं खट्-खट् वाजतंय."

गणपतराव स्टुडिओत आवाजाचं काम करायचं. फिल्मच्या कडंला आवाजाची बारीक पट्टी असती. तिला चरा पडला की कर्ण्यातनं 'खट्' हुतंय. भिंगातनं तो चरा हुडकायचा, त्यावर काळी शाई भरायची, की तेवढा आवाज गप्प. हात बसलेला माणूस. पण ह्या रिळाची गोष्ट येगळी.

गाणं त्यांच्या लेकीचं, प्रमोदिनीचं. एकुलती एक पोर. सिनेमात एकच गाणं गायली, आणि दोन वर्सांत क्षयानं गेली. गाताना धृपद संपून अंतरा लागायच्या आधी तिला बारीक खोकला आलेला. परत घ्यायला फिल्म नव्हती, तसंच राहिलं. पोरीला त्याची लई लाज. खाटंवर पडली तरी म्हणायची, "आबा, तेवढं खोकलेलं काढा हं. लोकं हसत्यात."

"काढतो बाळ," गणपतराव म्हणायचं. पण काढवलं न्हाई. गाणं काय, सगळ्या गावाचं. खोकला तेवढा घरातला. बाकीच्या कॉप्या कवाच सडल्या, ही एकच उरलेली. ह्यातनं तो पुसला तर लेकीचं राहिलं काय?

त्या राती एडिटिंगच्या खोलीत एकट्यानं बसून त्यांनी सगळं चरं भरलं. खोकल्यापाशी आलं, आणि ब्रश खाली ठेवला. "न्हाई जमत गं," म्हणालं. मग गाणं एकदा लावून बघितलं. धृपद झालं... आणि खोकला आला.

कर्ण्यातनं न्हवं. पाठीमागनं.

मशीन बंद केलं.

परत आला... जवळ.

"प्रमोदिनी?"

...

लाईट गेली. अंधारात शाईच्या बाटलीचं बूच निघालं. गणपतराव भ्यालं न्हाईत, पोरानो. रडलं. "नको गं बाळ... तेवढा तरी ऱ्हाऊ दे की मला..."

खांद्यावर गार काईतरी टेकलं. बराच वेळ. मग... न्हाई.

लाईट आली. त्यांनी मशीन लावलं. धृपद झालं, आणि अंतरा लागला. स्वच्छ. खोकला न्हाई. भिंग लावून बघितलं, तर तिथं शाई भरलेली. वली, अजून न वाळलेली.

दुसऱ्या दिवशी मुरगुडात लोकांनी गाणं डोक्यावर घेतलं. शिट्ट्या काय, आरोळ्या काय! कोण हसलं न्हाई. पोरीचं मन राखलं गेलं, पण बापाचा जीव कळवळत हुता. गणपतराव बी रिळासंगं गेलेलं, पण तंबूबाहेर गुडघ्यात मान घालून बसलेलं.

घरी आल्यावर झुंबरबाईनं, प्रमोदिनीच्या आईनं, सदरा धुवायला न्हेला आणि भिजवायच्या आधी हाक मारली. गणपतराव गेलं, तर बाई सदरा उराशी धरून खालीच बसलेली. पांढऱ्या खांद्यावर काळ्या शाईची चार बोटं उमटलेली. पाठीमागच्या अंगानं. बारीक, पोरसवदा.