पिण्यास योग्य

तलावावर शेवाळाची जाड साय धरली आणि जलशुद्धीकरण केंद्रातल्या केमिस्टबाईची झोप उडाली. अकरा दिवस ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. गाळलेल्या पाण्यात शेवटी एकाच जातीची अनोळखी पेशी उरली. गोल, हिरवी, कुठल्याच पुस्तकात नसलेली. विषाची चाचणी तीनदा केली, तिन्ही वेळा शून्य. मग उगाच गावाचं पाणी कशाला अडवा? तिने अहवालावर ‘पिण्यास योग्य’ लिहिलं आणि सही ठोकली. स्वतः मात्र जुन्या सवयीने उकळूनच प्यायची.

“गावाला बिनधास्त पाजता आणि स्वतःला उकळून! वा, बाई!” पंपवाला चिडवायचा.

घरी सासूबाई तर सरळच म्हणाल्या, “तुझीच सही ना? मग गॅस कशाला जाळायचा?” नातीला त्या नळाचंच पाणी द्यायच्या. नात म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

आठवड्याभराने कँटीनवाला कुरकुरत आला. “बाई, माझ्या हाताची चव गेली का हो? कोणी जेवायलाच येत नाही.”

तिने खिडकीतून पाहिलं. जेवणाची सुट्टी होती. सगळे कामगार टाकीच्या कठड्यापाशी बाह्या वर करून, उन्हाकडे तोंड करून उभे होते. एरवी हीच मंडळी गप्पांनी छप्पर डोक्यावर घेत. उकाड्याने भूक मेली असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

संध्याकाळी मुलीचा डबा जसाच्या तसा परत आला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मात्र ती ताट घेऊन मुलीपुढे बसली.

“अगं, एक घास तरी खा!”

“भूकच नाही गं, आई.”

डॉक्टरांनी वजन केलं, तर अर्धा किलो वाढलेलं. “पोर ठणठणीत आहे,” ते म्हणाले. त्यांनी आपली खुर्ची खिडकीतल्या उन्हात ओढून घेतली होती. तिने मुलीची नखं उजेडात धरली, तेव्हा ती आतून हिरवट दिसली.

घरी तिने उकळलेलं पाणी पुढे केलं. मुलीने घोट घेतला आणि थुंकून टाकला. “शी! हे मेलेलं आहे.”

दुसऱ्या दिवशी ती तडक इंजिनिअरसाहेबांकडे गेली. साहेब गच्चीवर होते. “पाणी बंद करा, साहेब. माझं चुकलं!”

“तक्रार एकही नाही,” ते मान न वळवता म्हणाले. “आणि सही तुमचीच आहे.”

ती धावतच घरी निघाली. मुलीला उचलायचं आणि पहिल्या गाडीने मावशीकडे न्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. रस्त्यात दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. सगळ्यांची तोंडं उन्हाकडे.

मुलगी गॅलरीत आजीजवळ होती. “चल बाळा, मावशीकडे जायचंय.”

“थांब ना. ऊन आहे.”

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला एका ढगाची सावली आली. ती जसजशी पुढे सरकली, तसतशी माणसं एकेक करून खाली बसत गेली.

सावली गॅलरीवर आली. मुलीचे पाय दुमडले. तिचा हात गारठला.

सावली गेली. सगळे उठले.

“आई, अजून ढग आहेत का गं?”

तिने वर पाहिलं. आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून येत होतं.

“नाही गं राणी,” ती म्हणाली. पोरीला कडेवर घेऊन ती गॅलरीतल्या उरलेल्या उन्हाकडे वळली. ऊन दोन फरश्यांएवढंच होतं.

तिथे सासूबाई उभ्या होत्या. “आई, जरा सरका ना.”

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं. त्या सरकल्या नाहीत.