पट्टीखालचा भंडारा

"आधी देवाचा भंडारा, मग डॉक्टरचं औषध," असं इंदुमतीबाईंचे यजमान सांगायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. पण रविवारी तळपायाची जाणपट्टी बदलताना त्यांना तोच आवाज आठवला. त्यांनी चिमूटभर भंडारा जखमेला लावला आणि वर नवी पट्टी चिकटवली. खंडोबाची हळद ती, तिनं काय अपाय होणार?

जाणपट्टी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. जखमेची ऊब, ओल आणि रंग टिपून ती दवाखान्याला कळवत राहते. साखरेच्या आजारानं इंदुमतीबाईंचे तळपाय बधिर झाले होते. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालताना अंगठ्याखाली फोड आला, फुटला, तरी त्यांना पत्ता नव्हता. घरात रक्ताचे ठसे दिसले ते सुनेला, ऋतुजाला. पायाला कळेना, म्हणून पट्टी आली.

सोमवारी सकाळी ऋतुजाच्या फोनवर इशारा आला. जखमेत पू दिसतो आहे, लगेच या, अंगठा काढावा लागू शकतो. रिक्षात इंदुमतीबाईंचं नामस्मरण चालू होतं, पण मधेच नाम तुटायचं आणि नजर अंगठ्यावर जायची.

डॉक्टर तांबोळीबाई पडद्यावरचे आकडे बघून घुटमळल्या. पू असता तर जागा गरम लागली असती, ओलही वाढली असती. इथे बिघडला होता तो फक्त रंग. त्यांनी पट्टी हलकेच सोलली, भिंगातून पाहिलं, मग वास घेतला.

"काकू, ही हळद कुणी घातली?"

"भंडारा आहे तो," इंदुमतीबाई खाली बघत म्हणाल्या. "आमच्या देवाचा."

"पट्टीनं त्याला पू ठरवलं. तिला बिचारीला जेजुरी कुठे माहीत!"

ऋतुजा हसायला लागली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "आई, अहो, अंगठा जात होता तुमचा."

जखम धुतल्यावर खाली कोवळी, गुलाबी कातडी दिसली. डॉक्टरांनी ती ऋतुजालाही दाखवली. मग बजावलं, की भंडारा कपाळाला लावा, जखमेला नाही. आणि यापुढे घरातही अनवाणी चालायचं नाही.

"देवघरात?"

"देवघरातसुद्धा. शब्द द्या मला."

इंदुमतीबाईंनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून त्यांनी नव्या मऊ चपला पाटावर ठेवल्या. बाहेरची धूळ न लागलेल्या. नव्या वस्तूला लावतात तसं त्यांनी चपलांना हळदकुंकू लावलं आणि कपाळाला भंडारा. जन्मात त्या पायात काही घालून देवापुढे गेल्या नव्हत्या. ज्यानं पायांची जाणीव नेली, त्यानंच ती कुणाच्या तरी हातून पट्टीत आणून ठेवली असेल, तर त्याला या चपलांचा राग येईल का?

त्यांनी पाय चपलांत सरकवले, फुलांची परडी उचलली आणि हळूच देवघराचा उंबरा ओलांडला.