हळदीच्या रेघा

विहंग, सांग बघू, गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, की त्याच्या कॅनवर? हसतोस काय! अनीश, तो टीव्ही बंद कर आधी.

गेल्या उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी मांडवीच्या माझ्या फोटो-सामानाच्या दुकानात उन्मेष आला. मांजलपूरला राहतो, शाळेत चित्रकला शिकवतो, रंगीत फिल्म घरीच डेव्हलपरच्या रसायनात धुतो. आई गेल्यापासून एकटाच. आल्या आल्या फोटो काउंटरवर टाकले.

"काका, जुओ ने, बघा ना! सगळ्यांच्या तोंडावर शेवाळ चढलंय."

खरंच, सगळं हिरवट.

"पाणी अडतीस डिग्री होतं?"

"दोन थर्मामीटर लावले होते."

"डेव्हलपरमधून किती रोल गेले?"

"सात. आईच्या रेघा आहेत ना कॅनवर."

त्याची आई, जिजाबाई, बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसायची. बुडबुडे सुटावेत म्हणून फिल्मच्या टाकीला दोन टिचक्या मारायची. टक् टक्. रोल झाला की डेव्हलपरच्या पांढऱ्या कॅनवर हळदीच्या बोटाची एक रेघ. "प्लास्टिकवरून हळद जात नाही रे," म्हणायची.

एक कॅन आठेक रोल चालतो; सात म्हणजे डेव्हलपर ठीक. मी म्हटलं, "मग फिल्मच जुनी असेल."

"तर मग आज आईचा रोल धुतो."

तिचा शेवटचा रोल. आजारपणात तिनं हट्टानं स्वतःचे फोटो काढून घेतले होते, तो. तो बिघडला, की त्या दिवसांतला तिचा चेहरा कायमचा गेला.

रात्रीचे साडेअकरा. गच्चीवरचे पतंगवाले झोपले होते. उन्मेषनं अंधारात फिल्म टाकीत भरली, झाकण घट्ट केलं, मग दिवा लावला. कॅन गरम पाण्यात. पारा अडतीसवर. ओतायला कॅन उचलला...

टक् टक्.

टाकी ओट्यावर. त्याचा हातही लागला नव्हता.

पाइप असेल. त्यानं बूच फिरवलं.

टक् टक्.

आता कॅनमधून. खालून. त्याच्या तळव्यावर.

पारा उतरत होता. छत्तीस. तीस. पाण्यातून वाफ मात्र तशीच...

"आई?"

...

टक्.

त्यानं कॅन खाली ठेवला. बोटं ओली. पिवळी. कॅनवर सात फिकट रेघा. पुढे पाच. ताज्या.

त्यानं ओतलं नाही.

उजाडायच्या आत माझी बेल वाजली. "काका, मी सात म्हणालो... आई गेल्यावर आणखी पाच धुतले. तिच्या जागी रेघ मारायला हात धजेना. मग वाटलं, सातच आहेत."

बारा रोल! त्या डेव्हलपरमध्ये काय उरलं होतं? मी नवा दिला. संध्याकाळी पतंगांच्या गलक्यात त्याचा फोन आला. फोटोत जिजाबाई जशा होत्या तशा आल्या होत्या. गव्हाळ.

आणि त्या घरात हळद नव्हती रे. आई गेल्यापासून तो डबा मागवून जेवतो.

तो कॅन त्यानं माझ्याकडेच टाकला. तो बघ, त्या वरच्या फळीवर. हात नको लावूस! मी अधूनमधून पुसतो. दर वेळी फडकं पिवळं होतं.

अजून.

तुम्ही दोघं आज नवा डेव्हलपर नेताय, खुशाल न्या. एवढंच करा पोरांनो... रोल झाला की रेघ मारा. मन होवो न होवो. हिशेब खरा ठेवा.