चाळिसावी लस

"मी सही करणार न्हाई," वैजयंता म्हणाली आणि यादी तिनं टेबलावरून परत सरकवली.

जिल्हा लसवाटप केंद्राच्या त्या थंडगार खोलीत असं वाक्य आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. तिथे लोक लस मागायला येत, वशिला लावायला येत, कधी नुसतेच रडायला येत. मिळालेली यादी परत करायला साठ किलोमीटर एसटीनं आलेली बाई ही पहिलीच. डॉ. अनिरुद्ध सबनीसांनी चष्मा काढून पुसला. नावापुढचं डॉक्टर हे गणितातलं होतं, आणि गणितात कोणी समोर बसून भांडत नाही.

कोरोनाची पहिली साथ येऊन गेल्याला बारा वर्षं झाली होती. आता त्याच कुळातला नवा विषाणू आला होता आणि तो थोरल्यापेक्षा लबाड होता. निम्म्या रोग्यांना ताप नाही, खोकला नाही. ते आपले धडधाकट हिंडत राहत आणि माणूस मरे दुसऱ्याच्या घरात. लस तयार झाली होती, पण मूठभर. एका गावाला चाळीस, पुढची खेप दोन महिन्यांनी. त्या चाळीस कोणाला टोचायच्या हे वाटपयंत्र ठरवत असे, आणि ते यंत्र सबनीसांनी घडवलं होतं.

वैजयंता लोखंडे ही खडकेवाडीची आरोग्यसखी. गावच्या तीनशे घरांत दर आठवड्याला जायचं, प्रत्येकाचा ताप बघायचा, बोटाला प्राणवायूमापी लावायचा आणि आकडा सरकारी फोनवर नोंदवायचा, हे तिचं काम. सरकारच्या लेखी ती नोकर नव्हती, स्वयंसेविका होती. राबवून घेताना मात्र हा फरक कोणाच्या लक्षात राहत नसे.

"यादीत चूक काय आहे, ताई?"

"पळसमळ्यात तुमच्याच यंत्राच्या यादीनं चाळीस टोचल्या. त्यावर महिन्यात अकरा माणसं गेली. तिथली आरोग्यसखी शालन माझी मावसबहीण हाय, रोज फोनवर रडती. आता तसलीच यादी आमच्या गावाला. पुन्हा अकरा मोजायचं व्हय?"

सबनीसांनी उत्तर देण्याऐवजी भिंतीवरचा पडदा उजळवला. हजारभर ठिपके, आणि त्यांच्यामध्ये कोळ्यानं विणावं तसं रेघांचं जाळं.

"हे खडकेवाडीचं संपर्कजाल. एक ठिपका म्हणजे एक माणूस. दोघांचे फोन दहा मिनिटं जवळजवळ राहिले की दोघांत एक रेघ. धनगराची वाघर पाहिली आहे ना तुम्ही, मेंढरं कोंडायची जाळी?"

"माझं म्हायेर धनगरवाड्याशेजारी. सांगा फुडं."

"तिच्या नेमक्या गाठी कापल्या तर?"

"जाळी चिंध्या हून हातात यील."

"तेच करायचं. ज्या ठिपक्यांना सर्वांत जास्त रेघा, त्या जोडगाठी. बंद पडलेले फोन गाळतो, तुमच्यासारख्या नोंद घेणाऱ्यांचे फोन वगळतो, परगावचे काढतो, मग यंत्र उरलेल्यांतल्या चाळीस जोडगाठी शोधतं. त्यांना लस दिली की रोगाला पुढे जायला वाट राहत नाही. हजारांना द्यायची गरज नाही. गणित चोख आहे."

"गणित आसंल चोख," वैजयंता म्हणाली. "पर चाळिसात चौतीस गडी हायती. आमच्याकडं एक दिसाआड पाण्याचा टँकर येतो. दीडशे बाया तासभर एकमेकींच्या अंगावर पडत्यात. डोईवर हंडा, काखंत कळशी, फोन कुठं ठिवायचा? त्यो घरात फळीवर. त्या वक्ताला तुमच्या पडद्यावर गाव कसं दिसतंय, बघा की जरा."

सबनीसांनी पाहिलं. टँकरच्या वेळी गावातल्या बायकांचे फोन आपापल्या घरी निपचित पडलेले होते, आणि यंत्रानं त्या तासापुढे शेरा मारला होता: सर्वाधिक सुरक्षित. त्यांचा चेहरा उतरला. माणूस अहंकारी होता, पण अप्रामाणिक नव्हता. समोर आकडा आला की मान तुकवायचा.

"फोनच्या आधीची एक रीत आहे," ते म्हणाले. "चिठ्ठ्या टाकून कोणतीही वीस घरं काढा. त्यांना लस द्यायची नाही, त्यांना नावं विचारायची. गाठ कोणाकोणाशी पडते? जी नावं येतील त्यांना लस. गंमत अशी, की नाव सांगणाऱ्यापेक्षा ज्याचं नाव सांगितलं जातं त्याच्या गाठीभेटी सरासरीनं जास्तच निघतात. हे सिद्ध करता येतं."

"ज्याच्याकडं समदं गाव जातं त्याचंच नाव गावाच्या तोंडात आसणार. त्यात सिद्ध काय करायचं?"

आपण यावर दीडशे पानांचा प्रबंध लिहिला आहे हे सबनीसांनी सांगितलं नाही. त्यांनी फक्त अट सांगितली. यंत्राची यादी मोडून गावात रोग पसरला, तर खडकेवाडीला पुढची खेप मिळणार नाही, आणि यादी मोडली कोणी याची नोंद राहील.

"माझं नाव लिवा. वैजयंता शंकर लोखंडे," ती म्हणाली आणि परतीची एसटी धरायला उठली.

गावात आल्या आल्या तिनं भगुण्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि वीस घरं काढली. पहिल्या पाच घरांत तिला एकच उत्तर मिळालं. तुमचा गाठीभेटीचा माणूस कोण? तर सरपंच सर्जेराव खाडे. नाही तर हेडमास्तर. गटारीच्या भांडणापासून तीन वर्षं ज्यानं सरपंचाचं तोंड पाहिलं नव्हतं, त्या बापू शिंगाड्यानंही सरपंचाचंच नाव सांगितलं. सरकारी वहीत नाव लिहायचं म्हटल्यावर मोठ्या माणसाचंच सांगायला हवं, नाही तर बरं दिसत नाही, असा त्याचा हिशेब. वैजयंतानं कपाळाला हात लावला. यंत्र निदान खोटं तरी बोलत नव्हतं!

मग तिनं प्रश्नच बदलला. "मागच्या आठ दिसांत तुमच्या उंबऱ्याच्या आत कोण कोण आलं? आन् तुम्ही कुणाला खेटून हुबं राहिला?"

"तू आलीस की," बापूची बायको म्हणाली.

"मला सोडून सांग गं."

"तुला सोडून... टँकरवर तानूबाई गोरड. पाइप तीच धरती, तिच्याशिवाय कुणाचा हंडा भरत न्हाई. आन् गिरणीवाली सुंद्री."

असं वीसही घरांत झालं. आधी तू, मग मला सोडून, मग खरी नावं. सखीच्या शिकवणीत सांगितलं होतं की माणूस बोलेल ते सगळं लिहायचं, म्हणून ती सगळं लिही आणि नको ते खोडी. तीन दिवसांत चाळिसाची यादी झाली. तानूबाई, सुंद्री, कासारीण, बाळंतिणींना न्हाऊ घालणारी इठाबाई, न्हावी. शेवटच्या ओळीवर तिनं सरपंचाला घातलं. घरोघरच्या उत्तरांप्रमाणे त्याचं नाव यादीत बसत नव्हतं, पण गावात राहायचं तर एवढी साखर पेरावीच लागते.

गुरुवारी शीतपेटी घेऊन मुल्ला सिस्टर आल्या, सोबत सबनीस. शाळेच्या वऱ्हांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. यंत्राच्या यादीतली मंडळी इस्त्रीचे शर्ट घालून पहिल्या रांगेत बसली होती. वैजयंतानं हाक मारली ती तानूबाईला.

"पाइपवालीला आधी?" सरपंच उठलेच. "आन् आम्ही चाळीस नंबरला? गावानं निवडून दिलंय मला!"

"गावानं हिलाबी निवडलंय, सरपंच. ह्या वहीत बघा, चौदा घरांनी. तुमच्यापेक्षा लीडनं आलीय."

वऱ्हांड्यात हशा पिकला. तानूबाई पदर सावरत खुर्चीत बसली, सुई टोचल्यावर मुल्ला सिस्टरना म्हणाली, एवढंच व्हय, आणि गेलीही. एकामागून एक नावं पुकारली गेली. एक बाटली उघडली की चार तासांत तिच्यातल्या दहाच्या दहा संपवाव्या लागत, म्हणून वैजयंता कोणाला रेंगाळू देत नव्हती. खूप दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

सबनीस बाजूला बाकावर बसून तिची वही लॅपटॉपवर उतरवून घेत होते. ते मध्येच थांबले.

"ताई, प्रत्येक पानावर पहिली ओळ खोडलेली आहे. ही काय?"

"ती व्हय? समदी आधी माझंच नाव घेत्यात. मी काय पाव्हणी हाय का? कामाला जाते मी. म्हणून खोडलं."

सबनीसांनी पानं मोजली. वीस घरं, वीस खोडलेल्या ओळी. त्यांनी पळसमळ्याचं जाळं उघडलं आणि वगळलेल्या फोनांतला एक, शालनच्या नोंदीचा, परत आत घातला. पडद्याच्या मधोमध एक ठिपका उमटला आणि त्यातून गावातल्या घराघराकडे रेघ गेली. एकही घर सुटलं नाही.

"शालनताई कोणत्या वारी कुठे जातात?"

"सोमवारी देवळाची आळी. मंगळवारी माळावरची घरं, बुधवारी वेशीबाहेरची. का?"

सबनीसांनी रोगी सापडल्याच्या तारखा घरांवर चढवल्या. आधी देवळाची आळी लाल झाली. मग माळ, मग वेशीबाहेरची घरं. त्यांनी लॅपटॉप मिटायला हात उचलला, पण वैजयंता मागेच उभी होती आणि तिनं सगळं पाहिलं होतं.

शालन बंद चुलीघरात दहा दहा मिनिटं बसते, तोच मापी या बोटाचा काढून त्या बोटाला लावते, हे तिला माहीत होतं. तीही तेच करत होती. हात धुवायचं औषध संपून महिना झाला होता आणि तीन अर्जांना उत्तर नव्हतं. त्या अकरांतली निम्मी माणसं शालनच्या कडेवर वाढलेली, नाही तर शालनला कडेवर घेतलेली. वैजयंताला रडू आलं, आणि पाठोपाठ असा संताप आला की रडणं जागच्या जागी थिजलं.

"आमचा फोन का काढला तुम्ही?"

"तो सगळ्यांजवळ दिसतो म्हणून. आम्हाला वाटलं ते काम आहे. तो संपर्क नव्हे."

"कामावर मी श्वास घेत न्हाई व्हय?"

सबनीसांनी वगळलेल्या फोनांची यादी उघडली. तिच्यात तालुक्यातल्या दोनशे सख्या होत्या.

"आन् मी तरी काय येगळं केलं?" ती स्वतःवरच चिडून म्हणाली. "वीस घरं वरडून सांगत हुती, तर मला सोडून, मला सोडून म्हणत सुटले."

एकोणचाळीस झाल्या होत्या. सरपंच बाही वर करून खुर्चीकडे निघाले होते. वैजयंता त्यांच्या आधी जाऊन बसली.

"अगं ए, ती माझी हाय!"

"हुती. आता ऱ्हायली न्हाई. माझ्यामागनं रोग हिंडत आसंल तर पयल्या आठवड्यात तुमच्याच वाड्यात यील, म्हातारी आई हाय तुमची. ती जगवायची का बाही वर करून बसायचं, बोला."

सरपंचांनी वर केलेली बाही खाली ओढली. मुल्ला सिस्टरनी सबनीसांकडे पाहिलं.

"सखींसाठी तरतूद नाही," ते पुटपुटले. "त्या कर्मचारी नाहीत, आणि यंत्राच्या यादीतही..."

"तरतूद ऱ्हावू द्या कागदावर. सिस्टर, टोचा."

सिस्टरनी टोचली. उद्या गाव म्हणणार होतं की वैजीनं यादी मोडली ती स्वतःसाठी. ते तिला माहीत होतं. म्हणू देत, ती मनात म्हणाली.

"लस अंगात मुरायला किती दिस?"

"पंधरा," सबनीस म्हणाले.

"मग पंधरा दिस मी कुणाच्या दारात जात न्हाई. आन् तालुक्यातल्या दोनशे सख्याबी जायच्या न्हाईत. त्यांना सुया द्या, मग पंधरा दिसांनी उठतील."

"सगळ्या एकदम? नोंदी थांबतील, ताई. पडद्यावर काही दिसणारच नाही. वरून विचारतील मला."

"आत्ता तरी काय दिसत हुतं? गाठ लशीनं कापली काय आन् घरी बसवली काय, जाळी तुटतीच. तुमचंच गणित हाय. चुकलं का?"

सबनीसांनी क्षणभर डोळे मिटून ते गणित करून पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "बरोबर आहे." आणि वरून विचारतील तेव्हा काय लिहायचं ते तिथेच, बाकावर बसून लिहायला लागले.

वैजयंतानं पहिला फोन शालनला लावला.

"शाले, संप हाय. आत्तापासनं. कुणाच्या घरात जायचं न्हाई."

"संप? कशापायी?"

वैजयंतानं पडद्यावरची लाल घरं पाहिली. ते आज सांगायचं नव्हतं. कदाचित कधीच नाही.

"आपल्याला लस देत न्हाईत म्हणून. देतील तवा उठायचं."

"बरं केलंस बाई, कुणीतरी बोलाया पायजेच हुतं," शालन म्हणाली. "पर आजची तीन घरं ऱ्हायल्यात. मी न्हाई गेले तर त्यांचं कोण बघणार? तेवढी उरकते आन् बसते संपाला."

"एकबी न्हाई! जिथं हायस तिथनं माघारी फिर. उंबरा वलांडू नको."

"अगं, मी आतच हाय. चुलीपाशी बसलीय. म्हातारीनं च्या टाकलाय माझ्यासाठी."

"च्या तसाच ठिव," वैजयंता म्हणाली. "ऊठ, शाले. आत्ता ऊठ."