दाराकडचा कान

टिवल्याला खुर्च्या आणायला पाठवलं होतं. एरवी पठ्ठ्याने एकेक खुर्ची डोक्यावर उलटी घालून राजाची स्वारी काढली असती. त्या दिवशी मात्र मुकाट्याने आणल्या आणि ओळीने मांडल्या. आई दोनदा त्याच्याकडे बघून गेली. ताप आला की काय, म्हणाली.

टिवल्या म्हणजे कोण, तर शेजाऱ्यांच्या बेलवर चिकटपट्टी लावून पळणारा. मास्तरांच्या आवाजात वर्गाला सुट्टी देऊन टाकणारा. शाळेत जायचा तो डबा खायला. पण आज आजोबांच्या आठवणींसाठी माणसं जमणार होती, आणि तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

त्याचं कारण असं. आजोबा पलटणीत होते. लढाईत एक कान गेला एवढंच सांगायचे, कुठला ते कधी नाही. पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या खोलीत दाराला लागून त्यांची खुर्ची, दार डाव्या हाताला. उजवीकडून कोणी बोललं की ते वळून तोंडाकडे टक लावून ऐकायचे. डावीकडून बोललं तर मान हलायची नाही. म्हणजे डावा ठार बहिरा, हे ठरूनच गेलेलं.

मग काय, टिवल्याला रान मोकळं. दार आणि खुर्चीच्या मधल्या फटीत घुसायचं, चेहरा अगदी साखर, आणि कानाशी लागून म्हणायचं, म्हातारबा, शत्रू तुमच्या घोरण्यानेच पळाला ना? पोरं हसून लोळायची. आजोबा ढिम्म. एका संध्याकाळी मात्र कोणी हसायला नसतानाही तो तिथे गेला. पॅसेजमध्ये झोपून झोपून कंटाळला होता. कानात म्हणाला, "आता जा की एकदाचे. ही खोली तरी मिळेल मला."

सकाळी आजोबा खुर्चीतच गेलेले होते. मान दाराकडे.

ऐकू थोडंच आलं असेल, असं टिवल्या स्वतःला सांगत होता. तेव्हापासून सारखं तेच.

माणसं आली, बसली, एकेक बोलायला लागली. आजी म्हणाली, थंडीत यांनी मला कधी गार पाण्याला हात लावू दिला नाही, आधी उठून तापवून ठेवायचे. आत्याने वेण्यांचं सांगितलं. इतक्या घट्ट घालायचे की डोळे ताणले जायचे, पण शाळा सुटेपर्यंत एक केस हलेल तर शपथ. बाबा कारखान्यातून रात्रपाळी करून येत. ते म्हणाले, मी दार कधी वाजवलंच नाही. हात वर केला की आतून कडी निघायची.

शेवटी पलटणीतला म्हातारा ड्रायव्हर उठला. आजोबांचा जुना सोबती, काठी टेकत लांबून आलेला. तो बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, याचा कुठला कान गेला असं तुम्हाला वाटायचं? आत्याने डाव्या कानाचं सांगितलं.

"उजवा," तो म्हणाला. "तोफेच्या बाजूचा. उजवा गेला होता त्याचा."

 टिवल्याच्या कानशिलात जाळ पेटला.

मग म्हाताऱ्याने चौकीवरची गोष्ट सांगितली, खालच्या आवाजात. कडाक्याची थंडी होती, सगळे शेकोटीभोवती गप्पा मारत बसले होते. दाराबाहेर कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं, पण गप्पांच्या नादात कोणाला ऐकू आलं नाही. सकाळी चौकीत तो आणि आजोबा, दोघंच जिवंत उरले होते. कोण आलं होतं, हे आजीने विचारलं. ते कधीच कळलं नाही, म्हणाला.

"तेव्हापासून चांगला कान दाराकडे. तुमचं बोलणं तो ओठांवरून वाचायचा. मी म्हटलं, अरे, घरी सांगून टाक... तर म्हणे, सांगितलं तर डावीकडून बोलायला लागतील. मग दाराचं ऐकणार कोण?"

संध्याकाळी माणसं पांगली. आत कपबशा धुण्याचा आवाज येत होता. पुढच्या खोलीत दिवा कोणी लावला नव्हता. टिवल्या त्या फटीत जाऊन उभा राहिला, नेहमीच्याच जागी, आणि रिकाम्या खुर्चीकडे वाकला. 

"आजोबा... मी ते..."

पाठीमागे श्वास ऐकू आला.

आपलाच असेल म्हणून त्याने नाक दाबून धरलं. तो थांबला नाही. संथ, जड, दाराच्या पलीकडून येणारा. फटीतून ओल्या लोकरीचा आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा वास आत आला. मग टिवल्याला कळलं की आपण कुठे उभे आहोत. कान आणि दार यांच्या मधोमध. कितीतरी संध्याकाळी दात काढत तो इथेच उभा राहत आला होता. त्या शेवटच्या संध्याकाळीही.

आत आजी कोणाला तरी हसून काहीतरी सांगत होती. तिला हाक मारावी असं त्याला फार वाटलं. पण आपण केलेल्याची त्याला लाज वाटली. आपण आणलेलं आपणच बघू, असं काहीसं मनात आलं, आणि त्याने कडी काढली.

बाहेर कोणी नव्हतं. रस्ता मोकळा. समोरच्या खांबावरचा दिवा लागला होता आणि त्याचा उजेड उघड्या दारावर पडला होता, बाहेरच्या बाजूवर. ती बाजू कोण कशाला निरखून बघतंय.

बसलेल्या माणसाचा कान येईल तेवढ्या उंचीवर दाराचा रंग उडाला होता. वाटीएवढा गोल. लाकूड झिजून तेलकट, गुळगुळीत झालेलं, न्हाव्याच्या खुर्चीला डोकं टेकायच्या जागी होतं तसं. वर्षानुवर्षं कोणीतरी तिथे काहीतरी टेकवून बसल्यासारखं.

टिवल्याने हात लावला. लाकूड अजून गरम होतं.