ऊबराव आणि थंड अंडी

काल सकाळी पक्ष्यांसाठी टांगलेल्या पेटीत तीन अंडी होती. तीन! मी स्वतः मोजली होती, आणि माझं गणित कितीही कच्चं असलं तरी तीनपर्यंत मला येतं. आज पेटीच्या छताला आतून लावलेल्या कॅमेऱ्यातून पाहिलं, तर नुसतं शेवाळ आणि कसले कसले केस. अंडी शून्य.

"साप!" मी किंचाळले.

"साप खाऊन झाल्यावर अंथरूण इतकं नीट आवरून जातो का गं, शाल्मली?" कुंदाआत्या चहात खारी बुडवत म्हणाली.

कुंदाआत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. तिने तीस वर्षं कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात (जिथे यंत्रांच्या उबेवर अंड्यांतून पिल्लं काढतात तिथे) शास्त्रज्ञ म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे पाचगणीला राहायला आली आणि येताना तिथला मोडीत निघालेला यंत्रमानव घेऊन आली. त्याने जन्मभर अंडी उबवली, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं ऊबराव.

पेटी मात्र माझी. सातवीत असताना मी ती सिल्व्हर ओकच्या सावलीत टांगली. दार तीन सेंटिमीटरचं, म्हणजे वल्गुलीसारखा छोटा पक्षी आत जाईल आणि साळुंकी बाहेरूनच चिडत बसेल. दोन वर्षं तिच्याकडे कोणीही फिरकलं नाही. घरातले तिला 'शाल्मलीची पत्रपेटी' म्हणायला लागले होते. आणि यंदा, फेब्रुवारी संपता संपता, खरंच एक वल्गुली आली! चिमणीएवढी, काळं डोकं, पांढरे गाल, पोटावर काळी पट्टी. आता तुम्हीच सांगा, मी किंचाळणार नाही तर काय करणार?

ऊबरावने दारातून आपलं सुईसारखं बारीक बोट अलगद आत सरकवलं.

"शेवाळाखाली अंडी. चार."

चार! म्हणजे गेली तर नाहीतच, उलट एक वाढलं!

"तापमान एकोणीस अंश," ऊबराव पुढे म्हणाला. "थंड. थंड. ऊब द्या."

वल्गुली तर सकाळपासून पेरूच्या झाडावर अळ्या खात हिंडत होती. चार दिवसांत ती अंड्यांवर बसलेली मी एकदाही पाहिली नव्हती. टाकूनच दिली की काय तिने?

"ऊबराव, दे ऊब!"

त्याने दोन्ही तळवे पेटीला लावले. वीस अंश. एकवीस. बावीस. तेवढ्यात वल्गुली चोचीत केसांचा पुंजका घेऊन परतली. ऊबरावला पाहून फांदीवरच थांबली आणि तिने असा काही आरडाओरडा केला की विचारू नका. आत मात्र जाईना. तेवीस.

"काढ हात! आधी काढ!" आत्या ओल्या हातांनी धावत आली.

"आत्या, मरतील गं ती!"

"काही मरत नाहीत. ऊबराव, मागे हो." तिने मला ओट्यावर बसवलं. "हा कुठल्या खोलीत काम करायचा?"

"उबवणीच्या."

"आणि मी?"

खरं सांगते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"शेजारच्या थंड खोलीत. ती याने कधी पाहिलीच नाही. कोंबडी रोज एकच अंडं देते. सोमवारचं सोमवारीच उबवायला ठेवलं आणि शनिवारचं शनिवारी, तर काय होईल?"

"शनिवारचं पिल्लू पाच दिवस उशिरा निघेल."

"म्हणून आम्ही सगळी अंडी अठरा अंशांवर थांबवून ठेवायचो. मग एकदम आत पाठवायचो."

"थांबवून? अंडं काय मालिका आहे, मध्येच थांबवायला?"

"आहेच! अंड्यात भ्रूण (वाढीला लागलेला इवलासा जीव) असतो. साधारण पंचविसाच्या खाली त्याची वाढ थांबते. तो मरत नाही, वाट बघतो. त्या तापमानाला विकासशून्य (वाढ जिथे थबकते ती रेषा) म्हणतात. कायम नाही हं. आठवडाभर, फार तर थोडं जास्त."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. "म्हणजे वल्गुलीसुद्धा शेवटच्या अंड्यासाठी थांबलीय! पण मग पांघरूण कशाला?"

"तुला पांघरुणात ऊब का येते? तुझ्या अंगाचीच उष्णता ते धरून ठेवतं. अंड्याला कुठे आहे स्वतःची उष्णता? चोरांना दिसू नयेत म्हणून ती झाकत असावी, असं आम्हाला वाटतं."

"आणि सगळी एकदम का निघायला हवीत?"

"चिन्मयदादाबरोबर जेवायला बसायचीस ना लहानपणी?"

मला सगळं कळलं. तो चौदाचा, मी पाचची, आणि गुलाबजामचं भांडं नेहमी त्याच्याकडे. घरट्यात तर ज्याची चोच सगळ्यांत उंच, त्यालाच आधी अळी. उशिरा निघालेलं पिल्लू उपाशीच राहणार.

आणि मी या चौघांना शेवटच्या अंड्याच्या पुढे पळवायला निघाले होते.

"तेवीसच झाले होते ना गं?" मी विचारलं.

"तेवीसच. अंडी ठीक आहेत. पण ती परत येते की नाही, ते तिच्या हातात."

त्या दिवशी मी बागेत पाऊल टाकलं नाही. ऊबरावला पडवीत उभं केलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी कॅमेरा सुरू केला. पेटी रिकामी. पावणेसात. रिकामी. मग दारात एक काळं डोकं दिसलं! वीस मिनिटं ती आत बसली, उठली, आणि शेवाळ ओढण्याआधी क्षणभर मला दिसलं एक पांढरं अंडं, लालसर ठिपक्यांचं. पाचवं!

त्यानंतर ती जी बसली ती बसलीच. पोटावरची पिसं गळून तिथे उघडी, गरम कातडी तयार झालेली असते, तीच अंड्यांना टेकवून. ऊबरावने एकदा बोट दारापाशी नेलं, तर आतून सापासारखं 'फुस्स' आलं आणि जन्मभर न घाबरलेला यंत्रमानव तीन पावलं मागे सरला.

तेराव्या दिवशी दुपारपर्यंत चार पिल्लं निघाली. पाचवं संध्याकाळी. पाच चोची, सगळ्या एकाच उंचीच्या!

माणसं मंगळावर कोंबड्या नेतील, तेव्हा अंडी अशीच थांबवून नेता येतील का? महिन्यामहिन्यांचा प्रवास आहे, आठवडाभराने काय होणार? आत्या म्हणते, ते अजून कोणाला जमलेलं नाही. म्हटलं, मग मला काम आहे.

एप्रिलमध्ये वल्गुली पुन्हा आली. ऊबराव आता पडवीतूनच पडद्यावर पाहतो.

"एक अंडं," तो म्हणाला. "थंड."

मी त्याच्या हातांकडे पाहिलं.

"हात मागे ठेवले आहेत," ऊबराव म्हणाला.