तीन लिटर पाणी

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे पाणी मोजून ओतायची मला खोड आहे. आमचे हे म्हणतात, "अंबिका, चहाला तरी माप लावू नको." लावते. म्हणूनच पुढचं सांगताना मी आकडे सांगणार आहे, आणि ते चुकलेले नाहीत.

यंदा मी रस काढायचं तिमजली भांडं मागवलं. खाली पाणी उकळायचं, वरच्या चाळणीत फळं ठेवायची. वाफेनं फळं फुटतात, रस मधल्या मजल्यात उतरतो आणि बाजूच्या रबरी नळीचा चिमटा सोडला की सरळ बाटलीत येतो. जांभळाला याच्यासारखं दुसरं काही नाही. मिक्सरमध्ये बी भरडली की रस तुरट होतो, आणि हातानं गर काढायचा तर बोटं आठवडाभर जांभळी. ह्यांना शुगर आहे, म्हणून दर जूनला जळकोटच्या आमच्या शेतातली जांभळं घरी येतात.

धोका एकच. खालचं पाणी संपलं तर भांडं करपतं, आणि पाणी तर दिसत नाही. त्यावर आम्हा उदगीरच्या बायकांचा इडलीपात्रातला उपाय आहे: पाण्यात एक नाणं टाकायचं. पाणी उकळतंय तोवर ते खुळखुळत राहतं. गप झालं की धावायचं.

मी अत्तींचं नाणं टाकलं.

अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, सिद्धम्मा. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली, उजवा हात तेवढा राहिला. मी त्यांच्या हातात पाच रुपयांचं जुनं जाड नाणं दिलं आणि उशाला स्टीलचा पेला ठेवला. पेल्यावर तीनदा टकटक म्हणजे मला हाक. दोनदा म्हणजे माझी धाकटी जाऊ मंजुश्री, कधी आलेली असली तर. एकदा म्हणजे शिवकुमार, त्यांचा थोरला लेक, माझा नवरा. चार वर्षं मी त्या तीन टकटकींवर उठले. हाताची कणीक तशीच घेऊन उठले. उपकार नाही केले, पण जे केलं ते मीच केलं.

एकच दिवस मी नव्हते. दोन वर्षांमागं मे महिन्यात मुलीची नीटची परीक्षा होती, लातूरला, आणि हे जळकोटला शेतावर गेले होते. मंजुश्री लातूरचीच, ती उलटी इकडं आली अत्तींजवळ बसायला. "तू जा गं अक्का बिनघोर. मी हाय ना." दुपारी तिचाच फोन आला. अत्ती झोपेतच गेल्या म्हणाली. एकदाही वाजवलं न्हाई, पाण्याचा घोटबी मागितला न्हाई.

आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. जंगमस्वामी आले तेव्हा अत्तींची उजवी मूठ आवळलेली होती. सोडवायला दोघं लागले. आत नाणं होतं. मंजुश्री पटकन म्हणाली, "सवय होती ना त्यांना." आणि मला ते पटलं! झोपलेल्या माणसाची मूठ सैल असते, एवढं शिकलेल्या बाईला कळू नये? पण जिला लग्नानंतर मी माझ्या हातानं साडी नेसायला शिकवली, तिच्यावर संशय कोण घेतं?

तर भांडं. जूनच्या दुसऱ्या रविवारी मी एकटीनं पहिली खेप काढली. चार किलो जांभळं, तीन लिटर पाणी, पन्नास मिनिटं. रस दोन लिटर निघाला, खाली पावणेदोन लिटर पाणी उरलं. नाणं शेवटपर्यंत खुळखुळत होतं.

पुढच्या रविवारी मंजुश्री आली. सकाळचे अकरा वाजले होते. ती ओट्याशी उभी राहून बाटल्या पुसत होती, तिच्या नवऱ्यानं, बसवराजनं, घेतलेल्या नव्या गाडीचं कौतुक सांगत होती. तेच भांडं, तेवढीच जांभळं, तीन लिटर पाणी.

नाणं खुळखुळायला लागलं आणि सात मिनिटांत गप झालं.

"पाणी कमी टाकलीस की काय अक्का."

मी वरचे दोन्ही मजले उचलून बाजूला ठेवले. तळ कोरडा होता. करपलेला नव्हता. आमच्या बोअरचं पाणी आटलं की पांढरा थर धरतं, तोही नव्हता. मी बोट लावलं. गार. खाली गॅस चालू होता.

वर जांभळं तशीच ताठ होती. सालीवर धुतल्याचे थेंब होते.

"गळतंय वाटतं," मंजुश्री म्हणाली. ओटा कोरडा होता.

मी पुन्हा तीन लिटर ओतलं. ह्या वेळी चार मिनिटं लागली, आणि आतून आवाज आला. तो मी ओळखला. घोट. थांबणं. घोट. पडून असलेल्या माणसाला चमच्यानं पाणी पाजलेल्या कुणालाही तो ओळखू येईल.

मग नाणं वाजलं. खुळखुळलं नाही, वाजलं.

टक. टक. टक.

"आले!" मी म्हणून बसले. तोंडातून निघूनच गेलं.

मंजुश्रीनं बाटली ओट्यावर आपटली. "गॅस बंद कर अक्का."

"का गं?"

"बंद कर म्हणते ना!"

मी बंद केला. खाली आग नाही, आत पाणी नाही.

टक. टक. टक.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला होता.

"त्या दिवशी वाजवलं होतं त्यांनी?"

"नळ आला होता गं," ती म्हणाली. "बारा दिवसांनी आला होता. तूच सांगून गेली होतीस, आला तर पिंपं भरून घे म्हणून. मी अंगणात भरायले होते. अत्ती दोनदा-दोनदा वाजवायल्या. म्हटलं, येवढं पिंप होऊ दे. मग तीन-तीन वाजवायल्या. तू घरात न्हाईस हे कळत होतं की त्यांना. तरी तीनच."

"किती वेळ?"

"तीन पिंपं भरली."

आमच्या नळाला एक पिंप भरायला वीस मिनिटं लागतात. मला गुणाकार करायचा नव्हता, झाला.

"आणि मला सांगितलंस, झोपेत गेल्या."

"आधी मोठ्या भावजींना फोन लावला, त्यांनीच तसं सांग म्हटलं. तुला लागंल म्हणून."

मोठे भावजी म्हणजे आमचे हे. हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

पेपर खाली आला नाही. "सांगून काय माय परत येणार होती?"

दोन वर्षं हा माणूस आल्यागेल्याला माझ्यादेखत सांगत होता, आईला काय भाग्याचं मरण आलं, आणि मी शेजारी बसून मान डोलवत होते. तिऱ्हाइतानं फसवलं असतं तर शिव्या हासडल्या असत्या. ह्यांनी केसानं गळा कापला आणि वर म्हणे माझ्या काळजीपोटी! त्या दिवशी मला दोघांचीही किळस आली.

मी आत गेले. मंजुश्री अंगणात जाऊन उभी राहिली होती. कपाटातून अत्तींचा पेला काढला, भरला, ओट्यावर ठेवला. "घ्या अत्ती. मी हाय." पाठ वळवून चाळणीतली जांभळं काढली. वळले तेव्हा पेला रिकामा होता. पाच वेळा भरला. सहाव्यांदा भरला तो तसाच राहिला.

मंजुश्री न जेवताच दुपारच्या बसनं लातूरला गेली. रिकाम्या हातानं कशी पाठवायची, म्हणून आधीच्या रविवारची एक बाटली दिली.

मंगळवारी तिचा फोन आला.

"अक्का, माठ सकाळी भरला की दुपारी रिकामा. नवा आणला, तरी तसंच. तुझी बाटलीबी. बूच लावलेलं हाय, आत थेंब न्हाई. त्या दिवशी तू काय केलीस गं? कसं थांबलं ते?"

तिच्या आवाजामागं मला ऐकू येत होतं. दोनदा. जरा थांबून, परत दोनदा.

काय करायचं ते मला ठाऊक होतं. पेला भरायचा, पुढं ठेवायचा, मी हाय म्हणायचं. एवढंच.

"माठाला तळाशी सिमेंट लाव," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

माझ्याकडचा पेला तेव्हापासून भरलेलाच असतो. रोज सकाळी मी पाणी बदलते. एक थेंब कमी होत नाही.

आज नाश्त्यानंतर ह्यांनी गोळी तोंडात टाकली आणि तांब्या उचलला.

"अंबिका, तांब्या भरला न्हाईस?"

भरला होता. लिटरभर, मोजून.

"अगं, पाणी!" गोळी घशात अडकली असावी. आवाज घोगरा येत होता.

तिमजली भांडं मी धुवून, पुसून फळीवर ठेवलंय. नाणं आतच आहे. आत्ता ते वाजलं. टक. एकदाच, म्हणजे ह्यांना हाक.

मी कणीक मळत राहिले.